आपण किती जण? बेने इस्राएलांच्या शिरगणतीची कहाणी



माझी नात नोआ सातवीत आहे. इथल्या शाळांत सातवीच्या मुलांना 'शोराशीम'चा, म्हणजे आपल्या मुळांचा प्रकल्प करावा लागतो, हे ज्यांना नातवंडे आहेत त्यांना सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात ती वही आणि फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. गाव कुठले, आडनाव कसे पडले, नवगावच्या किनाऱ्यावरची सात जोडपी, तेलाचा घाणा, शनिवारची सुट्टी, आलिया कोणत्या साली केली, सगळे लिहून झाले. मग तिने विचारले, "सबा, आपण एकंदर किती?" मी म्हटले, फोनमध्ये बघ की. पाच मिनिटांत तिने मला तीन आकडे वाचून दाखवले. एके ठिकाणी पाच हजार, दुसऱ्या ठिकाणी वीस हजार, तिसऱ्या ठिकाणी पंच्याऐंशी हजार. "यातला खरा कुठला?"

मी दिमोनात एका कारखान्यात चाळीस वर्षे हिशेबनिसाचे काम केले. वही जुळली नाही तर झोप लागत नाही, हा माझा जुना रोग. तेव्हा त्या आठवड्यापासून मी या आकड्यांच्या मागे लागलो. जे सापडले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही नातवंडांकडून येणार आहे.

आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "माणसं मोजू नयेत. दृष्ट लागते." तिचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मिन्यानसाठी दहा माणसे जमली का हे पाहताना आपले वडीलधारे एक, दोन, तीन असे मोजत नसत. दहा शब्दांचे एक वचन म्हणत आणि प्रत्येक शब्दाला एक माणूस धरीत. तोराहतही शिरगणती करायची तर डोकी न मोजता प्रत्येकाकडून अर्धा शेकेल घ्यावा आणि ती नाणी मोजावीत, असे सांगितले आहे. दावीद राजाने यवाबाला पाठवून लोकांची मोजदाद केली आणि त्यापायी मरी येऊन सत्तर हजार माणसे गेली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण याच गोष्टीत हिशेबनिसाच्या कामाची एक जागा आहे, तिच्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात यवाबाने आणलेला आकडा असा आहे: इस्राएलचे तलवार धरणारे पुरुष ८ लाख, यहूदाचे ५ लाख. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याच मोजणीचा आकडा इस्राएलचे ११ लाख आणि यहूदाचे ४ लाख ७० हजार असा आहे. एकच राजा, एकच सेनापती, एकच मोजणी, आणि जमा दोन. इतिहासाच्या पुस्तकात लगेच पुढे एक ओळ येते, की लेवी आणि बन्यामीन या वंशांची गणती यवाबाने केलीच नाही, कारण राजाची ही आज्ञा त्याला आवडली नव्हती. या एका ओळीने दोन्ही पुस्तकांचा मेळ बसतो असे मी म्हणत नाही. पण आजच्या सरकारी कोष्टकाखाली बारीक टाइपात जी टीप असते ना, 'यात अमुक धरलेले नाहीत', तशी ही टीप आहे. आणि आकड्याचा जीव त्या टिपेत असतो.

आता आपल्या समाजाकडे येतो.

इंग्रजी अंमल पक्का होईपर्यंत कोकणात आपली माणसे कोणी मोजली नव्हती. मोजायचे कारणच नव्हते. गावात दोन-चार घरे शनिवार तेल्यांची, एवढे पाटील-कुलकर्ण्यांना पुरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या आणि अंदाज बांधायला सुरुवात केली. किती घरे, किती पोरे शाळेत येतील, हे त्यांना हवे होते, आणि त्यापलीकडचा त्यांचा हेतूही आपल्याला ठाऊक आहे. आज पुस्तकांतून जो आकडा फिरतो, की १८३० च्या दशकात बेने इस्राएल सुमारे ६ हजार होते आणि शतक संपताना सुमारे १० हजार, तो अंदाज म्हणूनच वाचावा. अंदाज म्हणजे खोटे असे नव्हे. पण दारोदार जाऊन लिहिलेली ती यादी नव्हे.

दारोदारची यादी आली ती जनगणनेबरोबर. मुंबई शहराची मोजणी १८६४ मध्ये झाली, हिंदुस्थानची पहिली १८७२ च्या सुमारास, आणि सगळ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली १८८१ मध्ये. मुंबईच्या त्या पहिल्या मोजणीत एक धडा आहे, तो थोडक्यात सांगतो. १८६४ मध्ये शहरात ८,१६,५६२ माणसे निघाली. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसे गेली कुठे? अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बंद झाला होता, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि कामासाठी माणसांचा लोंढा शहरात आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, लोक गावी परतले. दोन्ही आकडे बरोबर असतील. पण नुसता पहिला आकडा घेऊन कोणी 'त्या काळची मुंबई' सांगू लागला, तर तो तेजीतली मुंबई सांगतो आहे.

१८८१ च्या जनगणनेत हिंदुस्थानभर 'ज्यू' या रकान्यात सुमारे १२ हजार माणसे आहेत. १९०१ मध्ये १८ हजारांच्या वर, १९३१ मध्ये २४ हजारांच्या वर. पन्नास वर्षांत दुप्पट! आपल्या काही लेखकांनी हे आकडे बेने इस्राएलांचे म्हणून छापले आहेत आणि इथेच पहिली गफलत होते. रकाना धर्माचा होता. त्यात आपण होतो, कोचीनचे यहुदी होते, आणि बगदाद-बसऱ्याकडून मुंबई, पुणे, कलकत्ता, रंगूनला आलेले व्यापारीही होते. ससून घराण्याचा शेठ आणि रेवदंड्याचा तेली एकाच रकान्यात. शिवाय ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानात धरला जाई, आणि एडन मुंबई इलाख्याला जोडलेले होते! एडनची यहुदी वस्ती लहान नव्हती. येमेनी यहुद्यांची ती वस्ती मुंबईच्या खात्यात जमा होत होती.

आता १९४१ चा आकडा पाहा. तो साडेबावीस हजारांच्याही थोडा आतला आहे, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. मी हे प्रथम पाहिले तेव्हा गोंधळलो. १९३१ ते १९४१ या काळात आपल्याकडे ना साथ आली, ना कोणी मोठ्या संख्येने देश सोडला. उलट युरोपातून हिटलरच्या भीतीने पळालेले काही यहुदी मुंबईत येऊन राहिले होते. मग माणसे कमी कशी झाली? १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश आणि एडन हे दोन्ही हिंदुस्थानपासून वेगळे करण्यात आले. माणसे होती तिथेच राहिली, नकाशावरची रेघ मात्र हलली. हे लक्षात न घेता दोन आकडे शेजारी ठेवले, तर 'समाज ओसरू लागला' असा सिद्धांत सहज मांडता येईल, आणि तो चुकीचा असेल.

रेघांचा हा घोळ आपल्या कोकणात आणखी बारीक आहे. आजच्या तरुणाने फोनवर 'रायगड जिल्हा' म्हणून शोधले तर जुने काहीच हाती लागत नाही, कारण १९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा होते. बरे, कुलाबा म्हणून शोधले तरी पुरत नाही. माझ्या आजोबांचे गाव म्हसळ्याजवळचे. म्हसळे, श्रीवर्धन, मुरूड हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा. तिथे आपली बरीच घरे होती, शालोम बापूजी इस्राएल तर संस्थानचे कारभारी होते. पण जंजिरा हे संस्थान, कुलाबा हा इंग्रजी जिल्हा. जनगणनेत दोघांची पाने वेगळी. नुसता कुलाबा जिल्हा पाहून कोकणातल्या बेने इस्राएलांची बेरीज करणारा माणूस माझ्या आजोबांना सोडून देतो. उलट पनवेल आज रायगडात आहे, पण १८८२ साली छापलेल्या गॅझेटियरमध्ये ते ठाणे जिल्ह्यात सापडते.

गॅझेटियरचे नाव आले म्हणून सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड हे आपल्यासाठी मोठे भांडार आहे. कुलाबा आणि जंजिरा यांचा मिळून अकरावा खंड आहे, तो १८८३ चा. ठाण्याचे आणि पुण्याचे वेगळे आहेत. आपल्या लोकांची घरे कशी, पेहराव कसा, धंदे कोणते, लग्न कसे लागते, याची वर्णने त्यात आहेत. वर्णनाला परक्याची नजर आहे, काही ठिकाणी वाचताना राग येतो, पण मजुरीचे दर, धान्याचे भाव, घाण्याचा धंदा हे त्यात नीट नोंदलेले आहे. हे खंड महाराष्ट्र सरकारच्या गॅझेटियर विभागाने इंटरनेटवर ठेवले आहेत. जुन्या जनगणनेचे अहवालही भारताच्या जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर पानांच्या छायाचित्रांसह पाहायला मिळतात, फुकट. आपल्याला फोनवर बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा नातवंडाला शेजारी बसवावे. एकच सूचना: नाव निरनिराळ्या प्रकारे शोधावे. सरकारी इंग्रजीत आपण कुठे 'बेनी-इस्राएल', कुठे 'इस्राएलाइट', कुठे नुसते 'ज्यू' आहोत, आणि मुंबई लष्कराच्या जुन्या यादीत 'नेटिव ज्यू' ही जात म्हणून आहोत. एका नावाने सापडले नाही म्हणजे नाहीच, असे समजू नये.

हाईम शमुवेल केहिमकरांनी १८९७ साली आपला इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक गेल्यानंतर. केहिमकरांनी गावे आणि त्यांवरून पडलेली आडनावे जमवली, ती शंभरावर आहेत. मला वाटते सरकारी रकान्यापेक्षा ही यादी आपल्याला जास्त जवळची आहे. तिच्यात किती माणसे होती हे कळत नाही, पण कुठे कुठे होती हे कळते, आणि जनगणनेच्या कोणत्या पानावर शोधायचे तेही कळते.

आता नोआच्या दुसऱ्या आकड्याकडे. वीस हजार. '१९४८ मध्ये भारतात बेने इस्राएलांची संख्या सर्वांत जास्त, म्हणजे २० हजार होती' हे वाक्य तुम्हाला जवळपास प्रत्येक पुस्तकात आणि संकेतस्थळावर मिळेल. मी त्याचा माग काढला. एक लेखक दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. १९४८ मध्ये भारतात मोजणी झाली नव्हती. जनगणना १९४१ ची आणि मग १९५१ ची, आणि दोन्हींत रकाना सगळ्या यहुद्यांचा. तेव्हा हा आकडा एकूणातून कोचीनचे आणि बगदादी वजा करून आलेला अंदाज आहे. अंदाज चांगला आहे, मला तो पटतो, पण छपाईत पुन्हा पुन्हा आल्यामुळे त्याला मोजणीची अब्रू मिळाली आहे. दहा ठिकाणी सापडला म्हणून तो दहापट खरा होत नाही. दहाही जणांनी एकाच विहिरीचे पाणी काढले आहे. हिशेबनिसाची सवय अशी की मूळ पावती कुठे आहे ते विचारायचे.

पहिल्या आकड्याचे, पाच हजारांचे, तसेच आहे. तो भारतात राहिलेल्यांचा, आणि तोही सगळ्या यहुद्यांचा. भारताच्या जनगणनेच्या मुख्य कोष्टकात आता सहा धर्म वेगळे दिसतात. आपण 'इतर धर्म आणि पंथ' या गाठोड्यात असतो, आणि गाठोडे सोडायचे तर शेवटी जोडलेले परिशिष्ट उघडावे लागते. २०११ च्या मोजणीत ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही कोणी 'भारतात इतके यहुदी आहेत' असे सांगितले तर तो २०११ चे तरी सांगतो किंवा अंदाज तरी करतो. त्या थोड्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा ही मोजणी निव्वळ कुतूहलाची बाब नाही. शिष्यवृत्ती, संस्था, हक्क यांचे कागद त्यावर चालतात.

मग आपण इथे आलेले किती?

इथली लिश्का, म्हणजे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय, दरवर्षी एक जाडजूड वार्षिक पुस्तक काढते. हिब्रू आणि इंग्रजी दोन्हींत असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षांचीही सापडतात. त्यात कोणत्या देशातून किती ओलीम आले याचे कोष्टक आहे. भारताच्या ओळीत १९४८ ते १९५१ मध्ये सुमारे २,२०० जण दिसतात, १९५२ ते १९६० मध्ये सुमारे ५,४००, आणि १९६१ ते १९७१ या काळात सुमारे १३,१००. त्यानंतर ओघ आटतो, सत्तरीत साडेतीन हजार, ऐंशीत दीड हजार. पहिल्या चाळीस वर्षांत मिळून २५ हजारांच्या वर. मधला मोठा आकडा पाहून मला भरून आले. त्या तेरा हजारांत मी आहे, आई-बाबा आहेत, कडेवरची धाकटी बहीण आहे.

आणि तो काळ कोणता? १९६० ते १९६४. आपल्या लग्नांवर रब्बी मंडळाने शंका घेतली, १९६२ मध्ये आजी-पणजींपर्यंत चौकशी करण्याचे फर्मान निघाले, आपली माणसे यरुशलायमच्या रस्त्यावर धरणे धरून बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून समानतेची ग्वाही दिली. तेवढ्या अपमानातही माणसे येतच होती, हे कोष्टक सांगते. भाषणांत हे मी कधी ऐकले नव्हते, आकड्यांनी दाखवले.

पण कोष्टक काय सांगत नाही तेही पाहावे. त्यात आलेले मोजले आहेत, परत गेलेले वजा केलेले नाहीत. १९५२ मध्ये बेएर शेवाची आपली शंभराहून अधिक माणसे वागणुकीला कंटाळून धरणे धरून विमानाने मुंबईला परत गेली, आणि त्यातली बरीच पुढे पुन्हा इथे आली. त्यांची ही ये-जा ओलीमच्या बेरजेत दिसत नाही. दुसरे, 'जन्मदेश' आणि 'शेवटचा राहण्याचा देश' अशी दोन निरनिराळी कोष्टके असतात. बसऱ्यात जन्मून भायखळ्यात वाढलेला बगदादी गृहस्थ एका कोष्टकात इराकचा, दुसऱ्यात भारताचा. तिसरे, काही कोष्टकांत भारत आणि पाकिस्तान एकत्र असतात. हे वाचून आमचे एक स्नेही चिडले होते. मला मात्र ते सोयीचे वाटते. कराचीत आपला मोठा समाज होता, मागेन शालोम प्रार्थनामंदिर १८९३ चे. फाळणीनंतर ती माणसे कागदोपत्री पाकिस्तानची झाली, पण होती आपलीच, मराठी बोलणारी. वेगळी ओळ केली असती तर ती आपल्या बेरजेतून गळली असती.

चौथी गोष्ट अलीकडची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत 'भारतातून आलेले ओलीम' या ओळीत मोठा भाग बेने मेनाशे लोकांचा आहे, मणिपूर आणि मिझोरमचे. एका हिब्रू वर्तमानपत्राने त्या ताज्या आकड्यांवरून 'बेने इस्राएलांची आलिया वाढली' असे छापले होते. नावात 'बेने' पाहिले आणि गाडी सुटली! त्यांचे स्वागतच आहे, पण हिशेब वेगळा ठेवायला हवा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

लिश्काच्या पुस्तकात 'मूळ देश' नावाचे कोष्टक असते. त्यात भारत-पाकिस्तान मुळाचे लोक पन्नास हजारांच्या आसपास दिसतात. भारतीय दूतावासाच्या माहितीपत्रकात मात्र भारतीय वंशाचे यहुदी सुमारे ८५ हजार आहेत. हाच नोआचा तिसरा आकडा. दोन सरकारी कार्यालयांत एवढा फरक कसा, म्हणून मी टिपा वाचल्या. दूतावास म्हणतो, आई किंवा बाप यांपैकी एक जरी भारतीय असेल तर धरा. लिश्काचा नियम असा: जो परदेशात जन्मला त्याचे मूळ म्हणजे त्याचा जन्मदेश. जो इथे जन्मला त्याचे मूळ म्हणजे त्याच्या बापाचा जन्मदेश. आणि बापही इथेच जन्मला असेल, तर मूळ 'इस्राएल'.

मी नियम दोनदा वाचला. माझा मुलगा बेएर शेवात जन्मला. त्याचा बाप मी, मुंबईचा, म्हणून तो भारताच्या ओळीत आहे. नोआचा बाप इथे जन्मलेला, म्हणून नोआ भारताच्या ओळीत नाही. माझ्या बहिणीने मोरोक्कोहून आलेल्या गृहस्थाशी लग्न केले. तिची तिन्ही मुले घरी चपाती आणि मासळीचा रस्सा खातात, आणि कोष्टकात मोरोक्कोची आहेत.

यात कोणी आपल्यावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पोलंडच्या नातवाचेही असेच होते, येमेनच्याही. नव्या देशाला वाटत होते की दोन पिढ्यांनी सगळे एक व्हावेत, आणि तो विचार कोष्टकाच्या घडणीतच आहे. पण परिणाम समजून घ्या. आपल्यासारखी जन्मदेशातली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत, आपली नातवंडे त्या ओळीत येत नाहीत. म्हणजे हा आकडा दरवर्षी कमी होत जाणार. आणखी वीस वर्षांनी कोणी पुस्तक उघडेल आणि म्हणेल, हा समाज आटला. समाज आटलेला नसेल. अश्दोद, लोद, दिमोना, येरुहामच्या घरांतून तो असेल, फक्त रकाना संपलेला असेल. १९३७ ला नकाशाची रेघ हलली, तशी इथे पिढीची रेघ आहे.

पैशाच्या आकड्यांचे दोन शब्दांत सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. आपल्या समाजाचे उत्पन्न किती, शिक्षण किती, घर स्वतःचे किती जणांचे, असे लोक मला विचारतात. इथली नेहमीची कोष्टके 'आशिया-आफ्रिका' आणि 'युरोप-अमेरिका' अशी खंडवार असतात. इराकचा, इराणचा, तुर्कस्तानचा आणि आपला ओले एकाच 'आशिया'त. त्यातून आपला वेगळा आकडा निघत नाही, आणि कोणी काढून दाखवला तर त्याला कसा काढला ते विचारावे. जुन्या कोकणातल्या मजुरीचे दर गॅझेटियरमध्ये आहेत, पण तिथेही सावध. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, हे आपल्याला आठवते, नातवंडांना नाही. आमच्या नोआने चार आण्यांचे चार रुपये केले होते.

तू बिश्वातला आमच्या घराण्याचा मलिदा असतो. एलियाहू हन्नावीच्या नावाने खंडाळ्याला करायचे, ते इथे वाड्याऐवजी मतनासच्या खोलीत करतो. यंदा नोआने ठरवले की आपली माणसे आपणच मोजायची. आजीने पुन्हा डोळे वटारले. तेव्हा पोरीने तोराहतला उपाय काढला. दाराशी एक ताट ठेवले आणि प्रत्येकाला सांगितले, अर्ध्या शेकेलचे नाणे टाका. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना मी सुटे दिले. मलिदा वाटून झाल्यावर आम्ही दोघांनी नाणी मोजली. ६२ भरली.

मग कागदावर लिश्काचा नियम लावून पाहिला. भारतात जन्मलेले ९. इथे जन्मलेले, पण बाप भारतात जन्मलेले १७. म्हणजे कोष्टकात २६. उरले ३६. त्यांतले ११ जावई आणि सुना, कोणी मोरोक्कोचे, कोणी रशियाचे, एक इथिओपियाची. बाकी २५ आमचीच, रक्ताची, आणि त्यांची ओळ दुसरीकडे.

नोआने प्रकल्पात तिन्ही आकडे लिहिले, प्रत्येकापुढे साल, मोजणाऱ्याचे नाव आणि कोणाकोणाला धरले ते. खाली आमचे ६२ लिहिले आणि त्यांची फोड दिली. शिक्षिकेने विचारले, यात तू कुठे? तिने २५ वर बोट ठेवले.

माझा धाकटा भाऊ लंडनला असतो. तो इथल्याही ओळीत नाही आणि तिथल्याही. त्या रात्री फोनवर त्याला ताटाची गोष्ट सांगितली आणि विचारले, "तुझे नाणे धरू का रे?" म्हणाला, "धर की दादा." मी खिशातले एक नाणे टाकले. साडेएकतीस शेकेल झाले, ते दुसऱ्या दिवशी त्सेदाकाच्या पेटीत घातले.